सायटेशन की सापडत नाही? आधी हे बघा की

सोलापुरात ‘की’ला तोटा नाही. ‘बस की’, ‘खा की’, ‘सांग की वो’, आमचं वाक्य ‘की’वाचून संपतच नाही. पण पीएचडीला नाव घातलं आणि गाईडनं प्रबंध लॅटेक्समध्ये, म्हणजे कमांड लिहून पानं तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहायला लावला, की एक निराळीच की मागं लागते. मग रात्री साडेअकराला फोन येतो, “ताई, सगळीकडं प्रश्नचिन्हच यायलंय बघा, उद्या चॅप्टर द्यायचाय.” गेल्या काही वर्षांत असे फोन मला इतके आले, की एकदा सगळं लिहूनच ठेवावं म्हटलं.

सायटेशन की म्हणजे संदर्भाला बांधलेली चिठ्ठी. पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात गठ्ठ्यावर नंबर टाकतात आणि बिलावर तोच नंबर लिहितात. तो जुळला तर माल निघतो, नाही तर दोन माणसं गोदामात शोधत बसतात. इथंही तसंच. तुम्ही मजकुरात फक्त की लिहायची. लेखकाचं नाव, साल, पान हे सगळं सॉफ्टवेअर त्या कीवरून शोधून आणतं. सापडलं नाही, की तिथं प्रश्नचिन्ह छापतं.

एक खुलासा आधीच. खरी की रोमन लिपीत, शक्यतो सगळी लहान अक्षरं वापरून लिहायची असते. इथं वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहितेय. ‘पाटील२०१९चादर’ असं दिसलं, तर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत आहे असं समजा.

आणखी एक. तुम्ही वर्डमध्ये झोटेरोचं, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरचं, प्लगइन लावून लिहीत असाल, तर तुमचं कीवाचून काही अडत नाही. वर्डचं प्लगइन प्रत्येक नोंदीची झोटेरोतली आतली ओळख वापरतं, की नव्हे. कीचा त्रास लॅटेक्स किंवा तसंच साध्या मजकुरातून पानं बनवणारे मार्कडाउन, क्वार्टो यांत लिहिणाऱ्यांना. बाकीच्यांनी हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

की राहते तीन ठिकाणी

पहिलं ठिकाण म्हणजे झोटेरोची लायब्ररी. दुसरं, तिथून एक्स्पोर्ट केलेली डॉट बिब फाईल, म्हणजे सगळ्या संदर्भांची यादी. तिसरं, तुमच्या लेखनातली साइट कमांड, म्हणजे तिच्या महिरपी कंसात तुम्ही जे टाइप करता ते. तिन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे. कीची जवळजवळ प्रत्येक तक्रार म्हणजे या तिघांपैकी दोघांचं न जुळणं. त्यामुळे घाबरून चार ठिकाणी एकदम हात घालू नका. कुठल्या दोघांचं जुळत नाही, तेवढं आधी शोधा.

ते बघायला की डोळ्यांसमोर पाहिजे. नुसतं झोटेरो बसवलं असेल, तर त्यावर बेटर बिबटेक हे मोफत प्लगइन बसवा. त्याची फाईल एक्सपीआय या प्रकारची असते. फायरफॉक्समध्ये तिच्यावर थेट क्लिक केलंत, तर फायरफॉक्स ती स्वतःतच बसवायला बघतो आणि चूक दाखवतो. म्हणून उजवं क्लिक करून ‘सेव्ह लिंक’नं ती आधी उतरवून घ्या. मग झोटेरोच्या टूल्स मेनूत प्लगइन्स, तिथलं दातेरी चाक आणि ‘फाईलमधून बसवा’ अशा अर्थाचा पर्याय. झोटेरो पुन्हा सुरू झालं, की मधल्या यादीत रकान्यांच्या मथळ्यावर उजवं क्लिक करा आणि ‘सायटेशन की’ हा रकाना चालू करा. आता प्रत्येक नोंदीसमोर तिची की दिसेल. हा रकाना मी कधीच बंद करत नाही.

पहिली पायरी: प्रश्नचिन्हं मोजा

फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला, “सगळीच प्रश्नचिन्हं आहेत की एखाद-दोन?”

सगळीच असतील, तर की बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. बिब फाईल वाचलीच गेलेली नाही. एखाद-दोन असतील, तर त्या ठरावीक की चुकल्यात. आणि प्रश्नचिन्ह एकही नाही, पण संदर्भ भलत्याच माणसाचा छापलाय, हा तिसरा प्रकार. तो सगळ्यात वाईट, त्याच्याकडे मी नंतर येते.

बिबलेटेक्स हे लॅटेक्सचं संदर्भांचं पॅकेज वापरत असाल तर प्रश्नचिन्हाऐवजी न सापडलेली की ठळक अक्षरांत तशीच छापली जाते. मार्कडाउनवाल्यांचा पॅनडॉक की छापून पुढं प्रश्नचिन्ह लावतो. दिसायला वेगळं, दुखणं तेच.

सगळीच प्रश्नचिन्हं असतील तर

लॅटेक्स एका दमात काम संपवत नाही. पहिल्या फेरीत तो फक्त कोणकोणत्या की मागितल्यात त्याची यादी करतो. मग बिबटेक ती यादी घेऊन बिब फाईल उघडतो आणि संदर्भ तयार करतो. त्यानंतर लॅटेक्स आणखी दोनदा चालवावा लागतो, तेव्हा कुठं आकडे जागेवर बसतात. म्हणजे क्रम असा: लॅटेक्स, बिबटेक, लॅटेक्स, लॅटेक्स. ब्राउझरमध्ये लॅटेक्स चालवणारं ओव्हरलीफ हे स्वतःच करतं. स्वतःच्या लॅपटॉपवर टेकस्टुडिओ वगैरे एडिटर वापरणाऱ्यांचं मधलं बिबटेक बऱ्याचदा राहून जातं.

बिबलेटेक्सवाल्यांसाठी इथंच एक खड्डा आहे. बिबलेटेक्सला सहसा बिबटेकच्या जागी बायबर हा प्रोग्रॅम लागतो, पण एडिटर मात्र बिबटेक चालवत बसतो. लॉगमध्ये, म्हणजे चालवल्यावर आलेल्या संदेशांत, ‘प्लीज रिरन बायबर’ अशा अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड’खाली संदर्भाचं साधन बायबर करा.

क्रम बरोबर असेल तर फाईलचं नाव बघा. जुन्या पद्धतीच्या बिब्लिओग्राफी कमांडमध्ये फाईलचं नाव डॉट बिब न लावता लिहायचं. बिबलेटेक्सच्या ‘ॲड बिब रिसोर्स’मध्ये डॉट बिब लावूनच लिहायचं. एकीकडचा नमुना दुसरीकडं चिकटवला की गडबड.

आणि खरं सांगायचं, तर बहुतेक वेळा दोष डाउनलोड फोल्डरचा असतो. संदर्भ पुन्हा एक्स्पोर्ट केले, आधीची फाईल तिथं होतीच, म्हणून नवीला ‘(१)’ शेपूट लागलं. लॅटेक्स बिचारा अजून जुनीच वाचतोय. नाही तर विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं, आणि तुम्हाला ‘संदर्भ डॉट बिब’ दिसते ती प्रत्यक्षात ‘संदर्भ डॉट बिब डॉट टीएक्सटी’ असते. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला लावा. हे काम एकदाच करावं लागतं.

एवढ्यानं भागलं नाही, तर लॅटेक्सनं तयार केलेल्या मधल्या फाईली, म्हणजे ऑक्स, बीबीएल, बीएलजी, बीसीएफ, पुसून टाका आणि पुन्हा चालवा. त्या पुन्हा तयार होतात, घाबरायचं कारण नाही. ओव्हरलीफमध्ये यासाठी ‘पहिल्यापासून रिकंपाइल’ असा पर्याय आहे. तुमचं लेखन असलेली डॉट टेक आणि डॉट बिब यांना मात्र चुकूनही हात लावू नका. एकानं तेही पुसलं होतं.

एखाद-दोनच चुकत असतील तर

बीएलजी, म्हणजे बिबटेकच्या इशाऱ्यांची फाईल, नोटपॅडमध्ये उघडा. अमक्या कीची नोंद डेटाबेसमध्ये सापडली नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती की कॉपी करा, बिब फाईल उघडा, कंट्रोल-एफ दाबून शोधा. सापडली नाही तर नोंद एक्स्पोर्टच झालेली नाही. ‘नाही कसं, इथं तर दिसतेय’ असं वाटलं, तर दोन्ही की एकाखाली एक चिकटवून अक्षर-अक्षर ताडून बघा.

तिथं काय सापडतं, तर कॅपिटल अक्षर. लॅटेक्सला ‘पाटील’मधला कॅपिटल पी आणि लहान पी ही दोन वेगळी माणसं वाटतात. मोबाईलवर ओव्हरलीफ उघडून टाइप केलंत, की कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. दुसरं, जोडरेघ. की व्हॉट्सॲपवर पाठवली किंवा वर्डमधून उचलली, की साध्या जोडरेघेची कधीकधी लांब रेघ होते. नजरेला फरक कळत नाही. म्हणून माझ्या कीमध्ये जोडरेघच नसते. मोकळी जागा, स्वल्पविराम, महिरपी कंस, टक्क्याचं चिन्ह, हॅश यांना तर कीमध्ये थाराच नको.

की हातानं टाइप करणंच सोडा. झोटेरोच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्टखाली क्विक कॉपीसाठी बेटर बिबटेकचा ‘सायटेशन की क्विक कॉपी’ हा प्रकार निवडा. मग नोंद निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं, की साइट कमांडसकट की क्लिपबोर्डवर येते. टेक फाईलमध्ये चिकटवा, विषय संपला.

कधी एका नोंदीनंतरच्या साऱ्या नोंदी गायब होतात. तेव्हा की नाही, कंस तपासा. बिब फाईलमध्ये कुठं तरी महिरपी कंस बंद करायचा राहिलाय, किंवा ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नाही. बीएलजीमध्ये ओळीचा क्रमांकही देतात. हे बहुतेक वेळा बिब फाईल हातानं दुरुस्त करणाऱ्यांच्या वाट्याला येतं. बिबमध्ये दुरुस्ती करायचीच नाही, झोटेरोत करायची. कारण पुढच्या एक्स्पोर्टला तुमची हातची दुरुस्ती पुसली जाते आणि तीच चूक पुन्हा उगवते. एक्स्पोर्ट करताना ‘कीप अपडेटेड’वर टिक करा, मग झोटेरोत बदललं की फाईल आपोआप बदलते. झोटेरोऐवजी जॅबरेफ हे संदर्भांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. तो थेट बिब फाईलवरच काम करतो, तिथं कंट्रोल-जी दाबून की तयार होते.

आपल्याकडची खास भानगड: नाव, साल, लिपी

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे सापडत नाही. बेटर बिबटेक की बनवतो ती साधारण लेखकाचं आडनाव, शीर्षकातले तीन शब्द आणि साल घेऊन. म्हणजे नोंद चुकली की की चुकली.

आडनाव कोणतं, इथूनच गोंधळ. सोलापुरात तेलुगू घरांत आडनाव पुढं लावायची पद्धत, कन्नड घरांत कधी गावाचं नाव आडनाव म्हणून, आणि मराठीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव. डेटाबेसवरून नोंद उचलली, की आडनावाच्या खान्यात वडिलांचं नाव येऊन बसलेलं असतं. मग की तयार होते ‘शंकर२०१४’ आणि तुम्ही शोधताय ‘पाटील’. नोंद उघडून दोन खान्यांतली नावं अदलाबदल करा, की आपोआप बदलेल.

लेखक माणूस नसून संस्था असेल, तर नावाच्या उजवीकडचं छोटं बटण दाबून एकच खाना करा. दोन खान्यांत ‘महाराष्ट्र शासन’ टाकलंत, तर शासनाला आडनाव मिळतं. आमच्या विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २००४ साली स्थापन झालं तेव्हा ते सोलापूर विद्यापीठ होतं. २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. २०१२ चा अहवाल असेल तर तेव्हाचं नाव आणि २०२२ चा असेल तर आताचं. दोन्ही नावं एकसारखी करायच्या भरात की बदलतात आणि जुन्या प्रकरणात प्रश्नचिन्हं उगवतात.

आता गॅझेटिअर. सोलापूरवर काहीही लिहायचं, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड, १८८४ चा, टाळता येत नाही. पण त्याच्या शीर्षकात सोलापूरचं इंग्रजी स्पेलिंग ‘एस’नंतर ‘एच’ घालून, शोलापूर असं आहे. त्यातून कीही ‘एच’वालीच बनते. आपण सवयीनं ‘एच’ न घालता टाइप करतो, आणि प्रश्नचिन्ह हजर. शीर्षकातलं स्पेलिंग ‘सुधारू’ नका, पुस्तकावर आहे तेच राहू द्या. कीमध्ये आपल्या सोयीचं नाव द्या, उदाहरणार्थ ‘गॅझेटिअर१८८४’.

सालाचं तर विचारूच नका. तारखेच्या खान्यात देवनागरी आकड्यांत १८८४ लिहिलंत, तर झोटेरोला ते साल म्हणून ओळखता येत नाही आणि कीमधून साल गळतं. तिथं इंग्रजी आकडेच लिहा. जुन्या मराठी पुस्तकावर ‘शके १८०६’ असतं; ते तसंच इंग्रजी आकड्यांत चढवलं, तर सॉफ्टवेअर सरळ १८०६ साल धरतं. शकात ७८ मिळवा, म्हणजे १८८४, आणि शके कुठल्या तरी टिपेत ठेवा. पौष ते फाल्गुनातल्या प्रकाशनाला एक वर्ष इकडंतिकडं होतं, तेवढं ध्यानात असू द्या.

लेखकाचं नाव देवनागरीत असेल, तर की रोमनमध्ये आणायला सॉफ्टवेअर अक्षरांचं लिप्यंतर करतं. ते कुणा मराठी माणसानं केलेलं नसतं. स्वर दुप्पट होतात, मधला ‘अ’ गळतो, ‘पाटील’ अशा काही रूपात येतो की स्वतः पाटलांनाही ओळखू येणार नाही. आणि की देवनागरीतच ठेवावी म्हणाल, तर बिबटेक १९८५ चा, युनिकोडच्याही आधीचा. त्याच्याकडून ती अपेक्षा नको. मराठी पुस्तकांच्या की मी स्वतःच ठरवते. झोटेरोत कीचा वेगळा खाना दिसत असेल तर त्यात लिहायची. नसेल तर ‘एक्स्ट्रा’ या खान्यात ‘सायटेशन की’ हे शब्द इंग्रजीत, पुढं विसर्गासारखी दोन टिंबं, आणि मग की.

प्रश्नचिन्ह नाही, पण संदर्भच भलता

हे माझ्याच प्रबंधात झालं. यंत्रमागाच्या मजुरीवर एकाच लेखकाचे एकाच वर्षाचे दोन लेख होते, आणि की लहान दिसावी म्हणून मी शीर्षक काढून फक्त आडनाव आणि साल ठेवलेलं. सॉफ्टवेअरनं एकाची की तशीच ठेवली, दुसऱ्याच्या कीला शेवटी ‘ए’ लावला. घरच्या लॅपटॉपवर मजुरीचा लेख बिनशेपटीचा, आरोग्याचा ‘ए’वाला. लॅबमधल्या कंप्युटरवर झोटेरो नव्यानं बसवलं, लायब्ररी सिंक झाली, पण की मी पक्क्या केलेल्या नव्हत्या. तिथं त्या नव्यानं तयार झाल्या आणि ‘ए’ उलट मजुरीच्या लेखाला लागला. लॅबमधून एक्स्पोर्ट केलेली फाईल मी घरच्या प्रकरणाला जोडली. लॉग स्वच्छ. पीडीएफ देखणी. आणि मजुरीच्या दराच्या वाक्याखाली फुप्फुसाच्या तपासणीचा लेख. गाईडनं तो मूळ लेख वाचलेला होता म्हणून सापडलं, नाही तर तसंच बाइंडिंगला गेलं असतं.

तेव्हापासून माझा नेम असा. संदर्भ मजकुरात पहिल्यांदा वापरला, की त्याच वेळी की पक्की करायची. नोंदीवर उजवं क्लिक, बेटर बिबटेक, ‘पिन’. तुमच्या आवृत्तीत पिन हा पर्याय दिसत नसेल, तर वर सांगितल्याप्रमाणे खान्यात की लिहून ठेवा. पिन केलेली की नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं तरी हलत नाही आणि दुसऱ्या कंप्युटरवरही तीच येते. आणि ‘रिफ्रेश’ हा की नव्यानं बनवायचा पर्याय लिहून झालेल्या प्रकरणातल्या नोंदींवर कधीही वापरायचा नाही.

कीचा साचाही फार आखूड करू नका. शीर्षकातला एखादा शब्द असू द्या, म्हणजे सहसा ‘ए’ लागायची वेळच येत नाही आणि सहा महिन्यांनी की वाचून लेख आठवतो.

याच घरातलं दुसरं दुखणं म्हणजे दुहेरी नोंदी. एकच लेख एकदा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, टाकून आणला, एकदा ब्राउझरमधून. झोटेरोच्या डाव्या बाजूला ‘डुप्लिकेट आयटेम्स’ आहे, तिथून दोन्ही एकत्र करा. पण आधी बघा, मजकुरात कोणती की वापरलीय. तीच टिकली पाहिजे. दोन्ही वापरल्या असतील, तर टेक फाईलमध्ये शोधा-बदला करून एकच ठेवा. बिबलेटेक्सवाल्यांना ‘आयडीज’ नावाच्या खान्यात जुनी की टोपणनाव म्हणून ठेवता येते, पण मी तो नाद करत नाही. दोन नावांची माणसं शेवटी गोंधळच घालतात.

मदत मागण्याआधी

एवढं करूनही अडलंच, तर ज्याला विचारणार त्याला तीन गोष्टी पाठवा: टेक फाईलमधली ती एक ओळ, बिबमधली ती एक नोंद पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत, आणि बीएलजीमधल्या चुकीच्या ओळी. तिन्ही मजकूर म्हणून कॉपी करून, आणि ईमेलनं. व्हॉट्सॲपवर नको, तिथं ठळक-तिरकं करायच्या सोयीमुळे मजकुरातली काही चिन्हं कधीकधी नाहीशी होतात. आणि स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो तर अजिबात नको, त्यात ‘एल’ आहे की ‘एक’चा आकडा, ते कुणालाच दिसत नाही.